डॉकवरच्या एका क्लिकचा अर्थ : डेस्कटॉपच्या रचनाकारांना खुले पत्र

प्रति,
डेस्कटॉप प्रणालींचे रचनाकार, विकासक आणि देखभालकर्ते यांस

विषय : डॉकवरील आयकॉनवर क्लिक केल्यावर विंडोंचे काय व्हावे, याबाबत

महोदय / महोदया,

मी भाषांतराचे आणि मजकूर तपासण्याचे काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास संगणकासमोर जातात. त्यात पडद्याच्या कडेला असलेल्या डॉकवर, म्हणजे आयकॉनांच्या रांगेवर, मी किती वेळा क्लिक करते याची मोजदाद कधी केलेली नाही, पण ही कृती इतकी अंगवळणी पडली आहे की हात आधी जातो आणि विचार मागून येतो. म्हणूनच त्या क्लिकला मिळणारे उत्तर बदलते निघाले की ते बोचते. गेल्या काही वर्षांत कामानिमित्त मला तीन वेगवेगळ्या प्रणाली वापराव्या लागल्या. प्रत्येक प्रणालीला आपला स्वभाव असावा, याला माझी हरकत नाही. परंतु एकाच प्रणालीत, एकाच आयकॉनवर, एकाच बोटाने केलेल्या क्लिकमुळे कधी विंडो समोर यावी, कधी ती नाहीशी व्हावी, कधी चार विंडो एकदम अंगावर याव्यात आणि कधी मागितलेली सोडून भलतीच पुढे यावी, हे काही केल्या पटत नाही आणि त्याबद्दलच हे पत्र आहे.

हे इथवर कसे आले, ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक असणार. तरी मुद्दा मांडण्यापुरते थोडे मागे जाते. एखादे अ‍ॅप सुरू करणे आणि आधीच सुरू असलेल्या कामाकडे परतणे, ही मुळात दोन निराळी कामे आहेत. विंडोज ९५ ने ती निराळीच ठेवली होती : सुरू करायचे असेल तर स्टार्ट मेनू, परतायचे असेल तर टास्कबारवर त्या त्या विंडोच्या नावाचे स्वतंत्र बटण. दुसरी परंपरा त्याहून जुनी आहे. १९८९ साली आलेल्या नेक्स्टस्टेप या प्रणालीच्या डॉकमध्ये आयकॉन हा अ‍ॅपचा असे, विंडोचा नसे, आणि अ‍ॅप सुरू नसेल तेव्हा त्या आयकॉनच्या कोपऱ्यात तीन टिंबे दिसत. (आज आयकॉनखाली टिंब दिसले की अ‍ॅप सुरू आहे असे आपण समजतो; तेव्हा अर्थ नेमका उलट होता. खुणा आपोआप कळत नाहीत, त्या शिकाव्या लागतात, याचा हा एक बोलका नमुना.) २००१ मध्ये मॅक ओएस एक्सने हीच परंपरा घरोघरी पोचवली, २००९ मध्ये विंडोज ७ ने टास्कबारवरची नावे काढून एका अ‍ॅपच्या साऱ्या विंडो एका आयकॉनखाली एकत्र केल्या, आणि २०११ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीने युनिटी डेस्कटॉपचा उभा लाँचर, म्हणजे डॉकसारखीच पट्टी, सर्वांसाठी मूळ पर्याय (आपण काही न बदलता मिळणारे सेटिंग) केला. वीसेक वर्षांत विंडोला स्वतःचे बटण असण्याची पद्धत मागे पडली आणि सुरू करणे, परतणे, निवडणे अशी सगळी कामे एकाच चित्रावर येऊन बसली.

जागेची बचत झाली, दिसायलाही नीटस झाले, हे मान्य. पण क्लिक एकच राहिला आणि त्यामागचे हेतू मात्र वाढत गेले. मी आयकॉनवर क्लिक करते तेव्हा मला अ‍ॅप सुरू करायचे असू शकते, मघाशी सोडलेल्या विंडोकडे परतायचे असू शकते, उघडलेल्या पाचांपैकी एक विशिष्ट विंडो हवी असू शकते, आणखी एक नवी विंडो हवी असू शकते, किंवा समोरची विंडो बाजूला सारायची असू शकते. या पाचांतले काय हवे आहे हे प्रणालीला माझ्या मनात शिरून कळणार नाही. तिला अंदाजच करावा लागणार. माझे म्हणणे एवढेच आहे, की अंदाज चुकला तरी त्याची किंमत क्षुल्लक असावी आणि तो दुरुस्त करण्याची वाट त्याच आयकॉनवर, हात न हलवता सापडावी. पहिल्या क्लिकला अंदाज करावा, दुसऱ्या क्लिकला विचारावे, आणि क्लिक केल्यामुळे कोणतीही विंडो दृष्टिआड कधीच होऊ नये. पुढचे सगळे या एका नियमाच्या समर्थनार्थ आहे.

सुरुवात शेवटच्या भागापासून करते, कारण तिथे मतभेद सर्वांत जास्त आहेत. सक्रिय विंडोच्या आयकॉनवर पुन्हा क्लिक केले की ती मिनिमाइज व्हावी, ही विंडोजच्या वापरकर्त्यांची पक्की सवय आहे. मॅकवर त्याच क्लिकने काही होत नाही आणि तिथल्या लोकांना त्यात काही उणे वाटत नाही. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी ऐकले आहेत. मिनिमाइजच्या बाजूने म्हणतात की आयकॉन हा दिव्याच्या बटणासारखा असावा, एकदा दाबला की चालू, पुन्हा दाबला की बंद. उपमा चांगली आहे, पण दिव्याचे बटण दाबण्यापूर्वी दिवा चालू आहे की नाही हे खोलीतल्या कुणालाही दिसते. विंडो सक्रिय आहे की नुसतीच उघडी आहे, हे ओळखायला मात्र शीर्षकपट्टीची छटा किंवा आयकॉनखालच्या बारीक रेघेची लांबी पाहावी लागते, आणि हल्ली ही छटा इतकी पुसट ठेवतात की दोन विंडो शेजारी शेजारी असताना कोणती सक्रिय आहे हे माझ्यासारखीलाही टंकायला सुरुवात केल्यावरच कळते.

माझ्या काकांचे पाहा. ते सत्तरीत संगणक शिकले आणि शिकताना त्यांना कुणीतरी सांगितले की आयकॉनवर दोनदा क्लिक करायचे. फाइलच्या बाबतीत ते बरोबरच होते. पण ते डॉकवरही दोनदा क्लिक करतात. पहिल्या क्लिकला मेलची विंडो वर येते, दुसऱ्याला ती खाली जाते; त्यांना दिसते ते एवढेच की काहीतरी लकाकले आणि विरले. मग ते पुन्हा दोनदा क्लिक करतात. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून पाहिले, तेव्हा चौथ्या प्रयत्नानंतर त्यांनी हात मागे घेतला आणि मला म्हणाले, "मेल बंद पडलंय बहुतेक, तू जरा बघ." मेल सुरू होते, पत्रही आलेले होते. त्यांची चूक काढायची तर काढता येईल; पण दोन क्लिकांमधला वेळ मोजून दुहेरी क्लिक ओळखण्याची सोय याच प्रणालींत दुसरीकडे सर्वत्र असताना, डॉकला तेवढे कळू नये याचे उत्तर कुणीतरी द्यायला हवे.

हाच अपघात सरावलेल्या वापरकर्त्याच्या बाबतीत दुसऱ्या वाटेने घडतो. जड अ‍ॅप सुरू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्या वेळात पडद्यावर काहीच हलले नाही, तर माणूस पुन्हा क्लिक करणारच. मग एका प्रणालीत दोन विंडो उघडतात, दुसरीत उघडताक्षणी विंडो मिनिमाइज होते. यावरचा उपाय जुनाच आहे : क्लिक पोचला याची पावती ताबडतोब द्यावी, आयकॉन किंचित उसळला किंवा त्यावर फिरते चक्र दिसले तरी पुरे, आणि पहिली विंडो येईपर्यंत त्या आयकॉनवरचे पुढचे क्लिक मोजूच नयेत. ही पावती अनेक ठिकाणी आहे, पण ती देण्याचे काम प्रत्येक अ‍ॅपने साथ दिली तरच नीट जमते, आणि न दिल्यास चक्र उगाच बराच वेळ फिरत राहते. त्याकडे जरा लक्ष हवे.

मिनिमाइजची सवय असलेल्यांचे काय, असे आपण विचाराल. त्यांच्यासाठी सेटिंग ठेवावे, अवश्य ठेवावे. मूळ पर्याय मात्र असा असावा की ज्याने चुकून काही गमावल्यासारखे वाटणार नाही. ज्याला विंडो बाजूला सारायची आहे त्याच्यापाशी शीर्षकपट्टीवरचे बटण आहे, कीबोर्ड आहे. ज्याची विंडो अचानक गेली त्याच्यापाशी बहुधा काहीच नसते, कारण ती कुठे गेली हेच त्याला माहीत नसते.

आता पहिल्या क्लिकचा अंदाज. एकाच अ‍ॅपच्या अनेक विंडो उघड्या असतील, तर त्यातली सर्वांत अलीकडे वापरलेली एक विंडो वर यावी, आणि फक्त तीच यावी, असे माझे मत आहे. मॅकमध्ये डॉकवरून अ‍ॅप निवडले की त्या अ‍ॅपच्या मिनिमाइज न केलेल्या सगळ्या विंडो एकत्र पुढे येतात. तिथला विचार अ‍ॅपला एक कुटुंब मानण्याचा आहे आणि त्याला स्वतःची सुसंगती आहे. चित्रांचे संपादन करणाऱ्याला, ज्याची साधनपट्टी एका विंडोत आणि चित्र दुसऱ्या विंडोत असते, त्याला हे सोयीचेही वाटेल. माझे काम मात्र अ‍ॅपनुसार विभागलेले नाही. माझ्या डाव्या हाताला ब्राउझरमध्ये शब्दकोश असतो, उजव्या हाताला मसुदा असतो, आणि ब्राउझरच्याच आणखी तीन विंडो कुठेतरी मागे पडलेल्या असतात. शब्दकोश पुढे आणायला ब्राउझरच्या आयकॉनवर क्लिक करावे, तर त्या तीनही विंडो त्याच्या पाठोपाठ येऊन माझ्या मसुद्यावर बसतात. मला एक पाहुणा हवा होता. आले सगळे वऱ्हाड. अ‍ॅपच्या सर्व विंडो एकदम आणण्याची सोय आयकॉनच्या मेनूत जरूर ठेवा, तिची गरज पडते. पण साध्या क्लिकचा अर्थ तो नसावा.

आणि तरीही अलीकडची विंडो हा अंदाजच आहे, तो चुकणार. चुकला की त्याच आयकॉनवर दुसऱ्यांदा क्लिक करावे आणि त्या अ‍ॅपच्या उघड्या विंडोंची यादी तिथेच, आयकॉनला चिकटून उघडावी. दुहेरी क्लिक करणाऱ्या काकांच्या बाबतीतही मग काही बिघडत नाही : विंडो वर आलेली असते आणि फार तर शेजारी एक यादी दिसते. एकच विंडो असेल तर दुसऱ्या क्लिकला काहीही न करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. काही न करणे हेही एक उत्तर असते, आणि रचनाकारांना ते द्यायला जड जाते, हे मी समजू शकते.

दुसऱ्या क्लिकला यादी दाखवण्याऐवजी पुढची विंडो, तिसऱ्याला त्याच्या पुढची, असे फिरवत नेण्याचीही पद्धत आहे. दोन विंडो असतील तेव्हा ती छान चालते. तीन झाल्या की नको असलेली एक पाहून पुढे जावे लागते, आणि पाच-सहा झाल्या की आपण कुठून निघालो होतो हेच विसरायला होते, शिवाय एक क्लिक जास्त झाला तर पूर्ण फेरी पुन्हा मारावी लागते. विंडोज ७ पासून कंट्रोल कळ दाबून क्लिक केल्यास टास्कबारवरच्या गटातील विंडो अशा फिरतात. कळ दाबून मागणाऱ्यासाठी ते ठीक आहे. लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये गटावर क्लिक केल्यावर फिरवावे, पूर्वदृश्ये (विंडोंची छोटी चित्रे) दाखवावीत, की यादी द्यावी, हे वापरकर्ता निवडू शकतो. निवड आहे हे उत्तम, पण मूळ पर्यायावरच बहुसंख्य लोक आयुष्य काढतात, त्यामुळे मूळ पर्याय काय असावा हा वाद सेटिंगच्या पानावर मिटत नाही.

यादीत काय दिसावे, याबद्दल मला थोडे जास्त लिहायचे आहे, कारण इथे मी स्वतः ठेचकाळले आहे. एका वार्षिक अहवालाचे भाषांतर तपासताना माझ्यासमोर एकाच अ‍ॅपच्या तीन विंडो होत्या : मूळ मजकूर, पहिल्या तपासणीची प्रत आणि दुसऱ्या तपासणीची प्रत. ब्राउझरमध्ये एक संज्ञा शोधून मी परत आले, आयकॉनवर गेले, आणि टपाल तिकिटाएवढी तीन पूर्वदृश्ये उघडली. तिन्ही पांढरी पाने, तिन्हींवर करड्या ओळी. खाली शीर्षके होती, ती अशी : 'वार्षिक अहवाल मराठी म…', 'वार्षिक अहवाल मराठी म…', आणि तिसरे इंग्रजीत. मी मधल्यावर क्लिक केले. समोर आलेली प्रत त्याच प्रकरणावर उघडी होती, कर्सरही जवळपास तिथेच लुकलुकत होता. पाऊण तास मी त्यात दुरुस्त्या केल्या, आणि एक शब्द, जो मी सकाळीच बदलला होता, तो जुन्या रूपात पुन्हा समोर आला तेव्हा उलगडा झाला की मी पहिल्या तपासणीच्या प्रतीत काम करत होते. नंतर दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकेक दुरुस्ती इकडून तिकडे नेण्यात संध्याकाळ गेली.

चूक माझी होती, फाइलींना नावे मीच दिली होती. पण पूर्वदृश्य ही कल्पना छायाचित्रे, नकाशे, व्हिडिओ यांच्यासाठी जितकी उपयोगी आहे, तितकीच ती मजकुराच्या बाबतीत निरुपयोगी आहे, आणि कार्यालयीन कामात उघडलेल्या विंडोंपैकी कितीतरी विंडो मजकुराच्याच असतात. एका गटातल्या दोन विंडोंची शीर्षके सुरुवातीला सारखी आहेत हे प्रणालीला ठाऊक असते. मग सारखा भाग आखडून वेगळा भाग दाखवायला काय हरकत आहे? फाइलींच्या नावांत फरक बहुधा शेवटी असतो : तारीख, आवृत्ती, 'अंतिम', आणि मग 'अंतिम २'. तो शेवटच कापून टाकण्याची रीत आपण बदललीत, तर पूर्वदृश्याच्या सुबकतेत थोडी घट झाली तरी आम्ही तक्रार करणार नाही. शीर्षक पूर्ण मावत नसेल तर दोन ओळींत येऊ द्या. आणि पूर्वदृश्य दाखवायचेच, तर शीर्षक त्याच्या वर, ठळक, वाचता येईल अशा आकारात असू द्या.

याच यादीच्या क्रमाबद्दल एक विनंती आहे. ऑल्ट आणि टॅब या कळांनी विंडो बदलताना अलीकडची विंडो आधी हा क्रम योग्य आहे, कारण तिथे आपण मागच्या कामाकडे उडी मारत असतो. आयकॉनच्या यादीत मात्र क्रम स्थिर असावा, विंडो ज्या क्रमाने उघडल्या तोच राहावा. हाताला जागा लक्षात राहते. मूळ मजकूर सर्वांत वर, असे एकदा बसले की मी न वाचता तिथे जाते. आणि दर खेपेस यादी नव्याने पिसली जात असेल, तर प्रत्येक वेळी वाचणे भाग पडते.

यादी उघडण्यासाठी नुसता माऊस आयकॉनवर नेणे पुरेसे असावे की क्लिक लागावा? माझा कौल क्लिकच्या बाजूने आहे. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमाचा दाखला आपल्या क्षेत्रात नेहमी दिला जातो : लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके ते लवकर गाठता येते. पडद्याच्या कडेला टेकलेला आयकॉन गाठणे सोपे, कारण माऊस कडेपलीकडे जाऊ शकत नाही. पण तिथून वर उगवलेल्या पूर्वदृश्यापर्यंत जाताना तो आधार सुटतो, वाटेत शेजारच्या आयकॉनला स्पर्श झाला की त्याचीच पूर्वदृश्ये उघडतात, आणि हवी असलेली पुसली जातात. ज्याचा हात थरथरतो त्याला हा खेळ जिंकताच येत नाही. वेबसाठीच्या सुलभता निकषांच्या २०१८ मधील २.१ आवृत्तीत, माऊस नेल्यावर उघडणारा मजकूर माऊस न हलवता बंद करता यावा, त्यावर माऊस नेता यावा आणि तो आपणहून नाहीसा होऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. संकेतस्थळांकडून जी अपेक्षा आहे, ती ज्या प्रणालीत ती संकेतस्थळे उघडतात तिच्याकडून केली तर ते फार होऊ नये. क्लिकने उघडलेली यादी क्लिक करेपर्यंत किंवा एस्केप कळ दाबेपर्यंत थांबावी, बाणांच्या कळांनी तीत वर-खाली जाता यावे आणि पडदा-वाचकाने (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तिच्यातली शीर्षके वाचून दाखवावीत.

नव्या विंडोचा प्रश्न त्या मानाने साधा आहे. काही प्रणालींत मधल्या बटणाने, काहींत कंट्रोल धरून, काहींत शिफ्ट धरून क्लिक केल्यास नवी विंडो उघडते. या सगळ्या वाटा माहीत असणाऱ्यांसाठी राहू द्या, पण टचपॅडवर मधले बटण कुठे असते हे सांगायला कुणी येत नाही, म्हणून आयकॉनच्या मेनूत 'नवी विंडो' हा पर्याय शब्दांत आणि वरच्या बाजूला असावा. जी अ‍ॅपे एकच विंडो उघडू शकतात त्यांच्यापुढे तो दाखवू नये. लिनक्सवरील डेस्कटॉप फाइलींच्या (प्रत्येक अ‍ॅपची ओळख डेस्कटॉपला देणाऱ्या छोट्या फाइलींच्या) निकषात आता अ‍ॅपला हे आधीच कळवता येते. ते कळवायचे काम अ‍ॅपच्या विकासकांचे आहे.

विकासकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. कोणती विंडो कोणत्या आयकॉनची, हे डॉकला अ‍ॅपने सांगितल्याशिवाय कळत नाही. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या दोन व्यवस्थांपैकी जुन्या एक्स११ वर ते विंडोच्या 'डब्ल्यूएम क्लास' या नोंदीवरून ताडले जाते, नव्या वेलँडवर 'अ‍ॅप आयडी'वरून, विंडोजवर अ‍ॅपच्या स्वतंत्र ओळखक्रमांकावरून. ही ओळख आणि आयकॉनची ओळख जुळली नाही, की मी डॉकवर कायम बसवलेल्या आयकॉनवर क्लिक करते आणि दुसराच एक अनोळखी, बहुधा चौकोनी ठोकळ्याचा आयकॉन रांगेच्या शेवटी उगवतो. मूळ आयकॉन आपला जसाच्या तसा, अ‍ॅप सुरू नसल्यासारखा. मग त्यावर पुन्हा क्लिक, पुन्हा नवी विंडो. वर मांडलेला कोणताही नियम अशा वेळी कामाचा नाही, कारण डॉकच्या लेखी त्या अ‍ॅपला विंडोच नसते. विकासकांनी ही एक ओळ तपासून घ्यावी आणि डॉकच्या रचनाकारांनी, ज्या क्लिकमुळे विंडो उघडली ती त्याच आयकॉनची असावी, एवढा तर्क तरी लावावा.

काही बाबतींत मला नियम नीट ठरवता आलेला नाही आणि तेही सांगायला हवे. विंडो दुसऱ्या कार्यक्षेत्रात, म्हणजे त्याच पडद्यावर आलटून पालटून दिसणाऱ्या दुसऱ्या आभासी डेस्कटॉपवर, असेल तेव्हा काय करावे? मी दोन कार्यक्षेत्रे वापरते, एकात काम आणि दुसऱ्यात पत्रव्यवहार. पत्रव्यवहाराची विंडो माझ्याकडे ओढून आणली, तर मी केलेली विभागणी मोडते. मला तिकडे नेले, तर समोरचे काम एकाएकी नजरेआड होते. मला तिकडे नेणे त्यातल्या त्यात बरे, मात्र जाताना दिशा दिसेल अशी हालचाल असावी, म्हणजे परतायचे कुठे ते कळते. पण ब्राउझरच्या विंडो दोन्हीकडे असतील तर इथलीच, भले ती जुनी असली तरी, आधी यावी. दोन पडदे जोडले की हाच प्रश्न वेगळे रूप घेतो, आणि तिथे मी ज्या पडद्यावरच्या डॉकवर क्लिक केले त्या पडद्यावरच्या विंडोला प्राधान्य असावे, असे मला वाटते. यावर दुसरे मत असू शकते आणि ते ऐकायला आवडेल.

लक्ष वेधणाऱ्या आयकॉनची गोष्ट मात्र निःसंशय आहे. आयकॉन उसळत असेल किंवा त्यावर ठिपका उमटला असेल, तर त्या क्षणी माझ्या क्लिकमागचा हेतू प्रणालीला ठाऊक असतो, अंदाजाची गरजच उरत नाही. अशा वेळी अलीकडे वापरलेली विंडो बाजूला ठेवून, जी विंडो हाक मारत आहे तीच पुढे आली पाहिजे. हाक एकीची आणि ओ देणार दुसरी, असे आजही घडते.

खुणांबद्दलही दोन शब्द. आयकॉनखालचे टिंब अ‍ॅप सुरू असल्याचे सांगते की विंडो उघडी असल्याचे? मॅकवर शेवटची विंडो बंद केली तरी बरीचशी अ‍ॅपे सुरूच राहतात आणि टिंब तसेच राहते. क्लिक केल्यावर बहुतेक वेळा नवी विंडो उघडते. विंडोजवर विंडो गेली की खूण गेली. वापरकर्त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे आहे की क्लिक केल्यावर जुने काम समोर येणार आहे की कोरे पान. तेव्हा विंडो असलेल्या आणि नसलेल्या अ‍ॅपांची खूण वेगळी असावी, पोकळ आणि भरीव टिंब एवढा फरकही पुरेल. एकापेक्षा जास्त विंडो असतील तर दोन टिंबे दिसावीत, म्हणजे दुसऱ्या क्लिकला यादी मिळेल हे आधीच कळते. नेमकी संख्या टिंबांनी सांगण्याचा आटापिटा नको. सहा टिंबे कुणी मोजत नाही.

हे सारे सेटिंगवर सोडावे, असे काही जण सुचवतील. लिनक्सवरील ग्नोम शेल या डेस्कटॉपच्या 'डॅश टु डॉक' या लोकप्रिय विस्तारात एका साध्या क्लिकच्या अर्थासाठी अर्ध्या डझनाहून अधिक पर्याय आहेत. तो विस्तार मी वापरला आहे आणि त्याच्या कर्त्यांची मी ऋणी आहे. पण ती यादी मी पाहते तेव्हा मला एवढेच दिसते की या प्रश्नाचे उत्तर अजून कुणी ठामपणे दिलेले नाही, म्हणून ते प्रत्येकाने आपापले द्यावे असे ठरले. दुसऱ्या टोकाचा अनुभवही ताजा आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा टास्कबारवरील विंडो एकत्र न करता प्रत्येकीचे नाव वेगळे दाखवण्याचा पर्याय काढून टाकलेला होता, आणि २०२३ मध्ये तो परत आणावा लागला. नाव वाचून विंडो निवडणारे लोक जुन्या सवयीचे गुलाम आहेत, असे कुणाला वाटत असेल तर त्यांनी माझ्या अहवालाच्या दोन प्रती आठवाव्यात.

आपल्यापैकी जे या नियमांवर काम करतील त्यांना माझी एक व्यवहारातली विनंती आहे. चाचणी घेताना पडद्यावर सुंदर छायाचित्रांच्या विंडो उघडू नका. एकाच अ‍ॅपमध्ये, सारख्या नावाने सुरू होणाऱ्या चार मजकुराच्या फाइली उघडा, त्यातली एक दुसऱ्या कार्यक्षेत्रात ठेवा, एक मिनिमाइज करा, आणि समोर अशा माणसाला बसवा जो सगळीकडे दोनदा क्लिक करतो. त्याला एक विशिष्ट फाइल शोधायला सांगा आणि त्याचा हात आयकॉनवरून किती वेळा मागे येतो ते पाहा.

आणि जेव्हा मूळ पर्याय बदलाल, तेव्हा तो नव्याने बसवलेल्या प्रणालींपुरता बदला. जे आधीपासून वापरत आहेत त्यांच्या संगणकावर, एका रात्रीतून आलेल्या अद्ययावतीकरणानंतर, सकाळी त्याच आयकॉनवरच्या त्याच क्लिकचा अर्थ निराळा निघू नये. त्यांना विचारा, एकदाच, आणि नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका.

कळावे.

आपली,
डॉकवर दिवसभर क्लिक करणारी एक वापरकर्ती